उशाशी बसणाऱ्याचीही नेमणूक हवी

१९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून एका कैद्याला ससून रुग्णालयात हलवण्यात आलं. अपेंडिक्सचा त्रास विकोपाला गेला होता. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींवर शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं. ही हकिगत पुणेकरांनी ऐकलेली असते, ससूनमधली ती खोली स्मारक म्हणून जपलेलीही आहे. त्याच रात्रीचा दुसरा एक तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. शस्त्रक्रियेआधी गांधीजींना आपली माणसं जवळ हवी होती. निरोप गेला आणि भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री रात्रीच रुग्णालयात आले. राजकारणात दोघांचं फारसं पटत नव्हतं. पण शास्त्री खाटेशेजारी बसले, संमतीचं निवेदन त्यांनी लिहून काढलं, गांधीजींनी पेन्सिलीने त्यावर सही केली. सही करताना हात थरथरत होता. तो कसा थरथरतो आहे हे गांधीजींनी स्वतःच डॉक्टरांना दाखवलं, असं शास्त्रींनी लिहून ठेवलं आहे.

पुढच्या दिवसांत चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज पुण्यात आले. दीनबंधू म्हणून देशाला माहीत असलेले अँड्र्यूज दीक्षा घेतलेले अँग्लिकन धर्मगुरू होते. १९१४ मध्ये त्यांनी चर्चची अधिकृत सेवा थांबवली होती, त्यामुळे ससूनमध्ये त्यांना ना पद होतं ना अधिकार. ते आजारी मित्राजवळ राहिले, एवढंच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारने गांधीजींच्या सुटकेचा हुकूम काढला, तेव्हाही ते तिथे होते. पुढे जुहूच्या विश्रांतीच्या काळात त्यांची सोबत होती. त्याच वर्षी दिल्लीत एकवीस दिवसांच्या उपवासातही त्यांनी गांधीजींची शुश्रूषा केली. ८ ऑक्टोबरला उपवास सुटला त्या वेळी इमामसाहेब बावझीर यांनी कुराणातलं पठण केलं, अँड्र्यूज यांनी ख्रिस्ती भजन गायलं आणि विनोबांनी उपनिषदं म्हटली. या सगळ्या मैत्रीत अँड्र्यूज यांनी गांधीजींना ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न कधी केला नाही.

रुग्णालयाचा चॅप्लेन (तिथे नेमलेला धर्मसेवक) म्हणजे काय, हे समजून घ्यायला अँड्र्यूज यांच्याइतकं चांगलं उदाहरण या शहराच्या इतिहासात दुसरं नाही. गांधीजींसाठी दुरून अँड्र्यूज आले. इंदापूर किंवा वेल्ह्याहून ससूनला आलेल्या, फरशीवर गादी मिळालेल्या रुग्णासाठी कोण येतं? पुण्यातल्या रुग्णालयांना हा प्रश्न गांभीर्याने विचारायची वेळ आली आहे, आणि त्याचं उत्तर ख्रिस्ती चॅप्लेनच्या कामात बऱ्याच अंशी तयार आहे.

मिशनच्या रुग्णालयांतून हा माणूस वर्षानुवर्षं दिसत आला आहे. प्रोटेस्टंट असेल तर त्याला पाळकसाहेब म्हणतात, कॅथलिक असेल तर फादर. काही ठिकाणी हे काम सिस्टर किंवा दीक्षा न घेतलेली, पण प्रशिक्षित बाई करते. सकाळी रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात परिचारिकांबरोबर उपासना होते, मग वॉर्डाची फेरी सुरू होते. काल रात्री कोण दाखल झालं, आज कुणाचं ऑपरेशन आहे, कुणाला भेटायला कुणीच आलेलं नाही, हे सिस्टरकडून कळतं. ज्याने बोलावलं त्याच्याजवळ बसायचं. ख्रिस्ती रुग्ण स्तोत्र वाचायला सांगतो, बहुतेकदा तेविसावं. कॅथलिक रुग्णाला ख्रिस्तप्रसाद हवा असतो, किंवा आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार. पूर्वी हा संस्कार अगदी शेवटच्या घटकेलाच व्हायचा, त्यामुळे फादर वॉर्डात दिसले की नातेवाइकांच्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चने ही समजूत बदलली. १९७२ पासून तो आजारात बळ देणारा संस्कार म्हणून सांगितला जातो आणि बरं होऊ घातलेल्या माणसालाही दिला जातो.

पण संस्कार हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग बसून राहण्याचा.

आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या मुलाजवळ बसणं. मूल दगावलेल्या आईला ते मूल थोडा वेळ हातात घेऊ द्यावं, म्हणून सिस्टरांशी बोलणं. शवागारापासून ॲम्ब्युलन्सपर्यंत नातेवाइकांबरोबर चालत जाणं. डॉक्टरांनी मराठीत सांगितलेलंही ज्या घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरलेलं नसतं, त्याला डॉक्टरांकडे परत घेऊन जाणं आणि पुन्हा विचारायला मदत करणं. आणि कर्मचाऱ्यांकडे पाहणं. सलग दोन मृत्यू पाहिलेली नर्स, प्रेतं उचलून थकलेले वॉर्डबॉय मामा, मुलाच्या फीची चिंता घेऊन लादी पुसणाऱ्या मावशी, यांचं मन मोकळं करायला रुग्णालयात दुसरं कुणी ठेवलेलं नसतं.

बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत या कामाचा सगळा धडा आला आहे. संपत्ती, मुलं, प्रकृती सगळं गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसतात. तोवर ते चांगले मित्र असतात. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात, त्याच्या दुःखाची कारणं सांगू लागतात, त्याचं पाप शोधू लागतात, आणि त्याच्या वेदनेत भर घालतात. चांगला चॅप्लेन त्या सात दिवसांतला माणूस असतो. ‘देवाची इच्छा’, ‘सगळं ठीक होईल’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक आहेत’ ही वाक्यं तोंडातून येऊ नयेत, यासाठी त्याला शिकवलेलं असतं. ती ऐकून रुग्ण गप्प होतो, आणि मग त्याला जे बोलायचं होतं ते राहून जातं.

हे शिकवावं लागतं, हे ओळखणारा माणूस स्वतः मनोरुग्ण होऊन गेला होता. अँटन बॉइसन या अमेरिकन पाळकाला १९२० मध्ये तीव्र मानसिक आजारामुळे मॅसॅच्युसेट्समधल्या रुग्णालयात ठेवावं लागलं. त्या भिंतींच्या आत आपल्या मनात काय चाललं आहे, हे विचारायला कुणी येत नाही, हे त्यांनी अनुभवलं. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना त्यांनी वॉर्डात आणलं. पुस्तकं जशी वाचता तशी माणसं वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून जी प्रशिक्षणपद्धती वाढली ती आज जगभर चालते. तिच्यात विद्यार्थी रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो आणि गटापुढे ठेवतो. मग गट त्याला विचारतो: रुग्ण मरणाबद्दल बोलू लागला तेव्हा तू विषय का बदललास? इथे घाईघाईने प्रार्थना का सुरू केलीस? ती त्याच्यासाठी होती की तुझ्यासाठी? भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे वर्ग चालतात. ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया ही १९०५ मध्ये सुरू झालेली संघटना. तिच्यात डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासकांच्या बरोबरीने चॅप्लेनचाही स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे या देशातल्या एका आरोग्यपरंपरेने या कामाला व्यवसायाचा दर्जा केव्हाच दिला आहे.

इथे बहुतेक मराठी वाचकांच्या मनात एक आक्षेप उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. रुग्णालयातला पाद्री म्हटलं की धर्मांतराची शंका येते. तिला इतिहासाचा आधार आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या लाखो माणसांना त्याने जीवदान दिलं. वॉनलेसवाडीचं क्षयरोग आरोग्यधाम त्याच परंपरेतलं. या डॉक्टरांच्या हातांचं ऋण मानायला कुणी कचरू नये. पण त्या काळच्या मिशन रुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागात ताटकळलेल्या लोकांपुढे प्रवचनं होत, शुभवर्तमानाच्या पुस्तिका वाटल्या जात. औषधाच्या रांगेत उभा असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याच्यापुढे प्रवचन करणं हा त्याच्या लाचारीचा फायदा घेण्याचा प्रकार होता, मग हेतू कितीही शुद्ध असो. गांधीजींनी मिशनऱ्यांना हे तोंडावर सांगितलं. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचं थेट साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. त्या अहवालातल्या बऱ्याच निष्कर्षांवर ख्रिस्ती समाजाने तेव्हाच हरकत घेतली आणि त्यातल्या काही हरकती रास्त होत्या. ही एक शिफारस मात्र मुळात योग्य तत्त्वावर उभी आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी आहे की आधुनिक चॅप्लेनच्या प्रशिक्षणाचाही हाच पाया आहे. रुग्णाच्या श्रद्धेत ढवळाढवळ करायची नाही, त्याने मागितल्याशिवाय प्रार्थना करायची नाही, पुस्तिका द्यायची नाही, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाचं मन वळवणं हा या व्यवसायात गंभीर अपराध मानला जातो. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ख्रिस्ती चॅप्लेनच्या जोडीला आता हिंदू, मुस्लिम, ज्यू चॅप्लेन असतात आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यांसाठी मानवतावादी सल्लागारही असतात. लंडन किंवा लेस्टरच्या रुग्णालयात मराठी आजीला तुळस आणि गंगाजल हवं असेल तर ती व्यवस्था करणारा माणूस पगारी नोकर असतो. पुण्यात त्याच आजीसाठी ते नातवाने खिशात लपवून आणायचं, आणि रखवालदाराने दारावर अडवायचं.

खरं तर या पदाची ओळख भारताच्या सरकारलाही आहे, आणि त्याचं प्रशिक्षण पुण्यातच होतं, हे फार थोड्यांना माहीत असेल. भारतीय लष्कर पलटणींसाठी धर्मशिक्षक भरती करतं: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू. भरतीच्या जाहिरातीत त्यांची कर्तव्यं दिलेली असतात. मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च इथली पूजाअर्चा तर आहेच, शिवाय अंत्यविधीला हजर राहणं, रुग्णालयात आजाऱ्यांची विचारपूस करणं आणि बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना म्हणणं हेही त्यात येतं. या सगळ्यांना पुण्यातल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत एकत्र शिकवलं जातं. एकमेकांच्या धर्माची ओळख हा त्या अभ्यासाचा भाग असतो. जखमी जवानाच्या उशाशी कुणीतरी बसायला हवं, हे लष्कराला पटतं. मग ससूनच्या जनरल वॉर्डातला बांधकाम मजूर त्याला अपवाद का ठरावा?

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे आपल्याकडे नातेवाईक असतात. असतात, आणि त्यांच्याच जिवावर आपली सरकारी रुग्णालयं चालतात. स्ट्रेचर ढकलणं, रक्त आणणं, रिपोर्टसाठी धावणं, सगळं तेच करतात. रात्री व्हरांड्यात चटई टाकून झोपतात. पण रुग्ण नातेवाइकांशी मरणाबद्दल बोलत नाही आणि नातेवाईक रुग्णाशी बोलत नाहीत. दोघंही एकमेकांना जपत असतात. बापाला ठाऊक असतं की आपण वाचणार नाही, मुलालाही ठाऊक असतं, आणि दोघं मिळून डिस्चार्जनंतरच्या शेतीच्या कामांची चर्चा करतात. अशा वेळी त्यांच्या नात्याबाहेरचा, कुठलंही बिल न आणणारा, इंजेक्शन न देणारा माणूस लागतो.

माणूस एकटा पडला की काय होतं, हे पुण्याने मोठ्या साथींमध्ये पाहिलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक आजारापेक्षा सरकारी इस्पितळाला जास्त घाबरत. पंडिता रमाबाईंनी त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या कारभारावर आणि तिथे नेलेल्या आपल्या संस्थेतल्या एका मुलीच्या दशेवर जाहीर आरोप केले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते फेटाळले, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत. घरच्यांना आत जाऊ देत नाहीत आणि आत कुणाचं लक्ष नाही, हे त्या भीतीचं मूळ होतं. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले करोनाबाधित रुग्ण पुण्यातच नायडू रुग्णालयात दाखल झाले आणि पुढच्या काही महिन्यांत तीच भीती सव्वाशे वर्षांनी परत आली. हजारो कुटुंबांचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर झाला, कित्येकांचा तोही नाही. पीपीई किट घातलेल्या परिचारिकांनी स्वतःचे फोन रुग्णांच्या कानाला लावले. ते त्यांच्या कामात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वैद्यकशास्त्रालाही ही गरज आता अमान्य नाही. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करताना त्यांनी सांगितलं की मरणासन्न माणसाची वेदना शरीराची, मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेची अशी एकत्रच असते. मॉर्फिनने त्यातला एक भाग शमतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या परिहार सेवेच्या (पॅलिएटिव्ह केअरच्या) व्याख्येत आध्यात्मिक गरजांचा उल्लेख स्पष्टपणे आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस उभारलं, तिथे शुश्रूषा होली क्रॉसच्या सिस्टर करतात आणि रुग्ण सर्व धर्मांचे असतात. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं परिहार सेवा केंद्र कर्करुग्णांना विनामूल्य सेवा देतं. तिथे नातेवाइकाने रुग्णाबरोबर राहावं असं पाहिलं जातं आणि डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक एकत्र काम करतात. म्हणजे शहरात नमुना आहे. तो शहराच्या कडेला, महामार्गालगत आहे, आणि त्याची सावली मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डांवर अजून पडलेली नाही.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, हे चांगलं झालं. पण एका पाळीत शंभर रुग्ण तपासणाऱ्या निवासी डॉक्टरकडून अर्धा तास गप्प बसण्याची अपेक्षा करणं अन्याय आहे. सरकारी रुग्णालयांतले समाजसेवा अधीक्षक योजनांचे अर्ज, बेवारस रुग्ण आणि पोलिसांचे कागद यांतच बुडालेले असतात. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठीच्या दहा टक्के खाटांचा हिशोब सांभाळणाऱ्यांचीही तीच गत. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला २०१० चा कायदा आहे, तरी हल्ले थांबत नाहीत. यातले काही हल्ले तरी असे असतात की मृत्यूची बातमी नातेवाइकांना जिन्यात, उभ्याउभ्या, अर्ध्या वाक्यात कळलेली असते. तिथे दोन तास आधीपासून त्या कुटुंबाबरोबर बसलेला माणूस असता तर काही काचा आणि काही डोकी वाचली असती, असं मानायला जागा आहे.

पुण्याकडे यासाठी लागणारी माणसंही आहेत. पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ तिच्याशेजारीच आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून बिबवेवाडीला आली. देशभरातले पाळक आणि फादर या शहरात शिकून जातात. या सेमिनरींकडे धर्मसेवकांच्या प्रशिक्षणाची परंपरा आहे. लष्कराच्या संस्थेकडे सर्व धर्मांच्या गुरूंना एका वर्गात बसवण्याचा अनुभव आहे. वारज्याकडे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णाची समज आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने या तिघांना एका टेबलाशी बसवलं, तर वर्षभराचा मराठी अभ्यासक्रम उभा राहू शकतो. तो कीर्तनकाराला, भिक्खूला, मौलानाला, सिस्टरला आणि काहीच न मानणाऱ्या निवृत्त शिक्षिकेलाही खुला असावा.

नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक हवेत. केसपेपरवर रुग्णाला विचारून नोंद व्हावी की अशी भेट हवी की नको. भेट देणाऱ्याच्या हातात कुठलंही पुस्तक, पावती किंवा संस्थेचा बिल्ला नसावा; बिल्ला रुग्णालयाचाच असावा. तक्रार आली तर चौकशी अधिष्ठात्यांनी करावी, कुठल्या धर्मसंस्थेने नव्हे. आणि पगार रुग्णालयाने द्यावा, कारण पैसे देणाऱ्याचंच काम होतं, हा मिशन रुग्णालयांच्या इतिहासाचाही धडा आहे.

सुरुवात ससूनच्या अतिदक्षता विभागात, कर्करोगाच्या वॉर्डात आणि नवजात बालकांच्या कक्षात करता येईल. पहिली पदं रात्रपाळीची भरावीत. दिवसा डॉक्टरांची फेरी असते, भेटीची वेळ असते, समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय उघडं असतं. रात्री दहानंतर अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर उरते आणि ती सलाईन बदलत असते.